ग्रह नवा, पण पेच कुणाचा?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चाळिशीतल्या आहेत, नोकरी करतात. १९६० च्या दशकातली मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी टीव्ही मालिका त्यांच्या जिवाभावाची. फावल्या वेळात त्या तिच्यासाठी मनाने नवे भाग रचतात आणि वहीत उतरवतात. वही भरत आली, पण एकही भाग पूर्ण झालेला नाही. सुरुवात झोकात होते, मध्यावर कथा बसते आणि शेवटी टोकदार कानांचा, तर्कावर चालणारा अर्धा परग्रहवासी अधिकारी मिस्टर स्पॉक कुठलं तरी यंत्र दुरुस्त करून सगळ्यांना वाचवतो. त्यांची सर्वांत लाडकी कल्पना अशी: मालिकेतल्या एन्टरप्राइज या अंतराळजहाजाला एका दूरच्या वसाहतीकडून मदतीची हाक ऐकू येते आणि तिथे पोहोचल्यावर कळतं, की ती ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. पण मूळ मालिकेतच शंभर वर्षं उशिरा पोहोचलेल्या संदेशाचा एक भाग आहे, हे आठवल्यावर त्यांनी ते पान फाडून टाकलं. त्यांची एक मैत्रीण कथा लिहिते, तिच्या कथा छापूनही येतात. ती म्हणते, ‘दुसऱ्याच्या पात्रांवर किती दिवस काढणार? स्वतःचं काही लिही.’ पत्रलेखिका विचारतात: नवं सुचण्यासारखं आता काही उरलंय का? जहाजावर आपली एक नवी अधिकारी आणली तर चालेल का? की हा नादच सोडावा?

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या तळाशी मला एकच समजूत दिसते: कथानक म्हणजे आजवर कुणालाही न सुचलेली अजब गोष्ट. अजब ग्रह, अजब प्राणी, अजब यंत्र. ती आधी कुणाला सुचली असेल, तर आपली बाद. जुन्या मालिकांवर जीव टाकणारे आणि त्यांचे पुढचे भाग मनात रंगवणारे पुष्कळजण याच समजुतीपाशी अडतात. तुमची वहीही तिथेच अडली आहे, असं मला वाटतं. कल्पनाशक्ती तुमच्याकडे भरपूर आहे.

त्या फाडलेल्या पानापासूनच सुरू करू. तुम्हाला आठवलेला भाग जानेवारी १९६८ मधला. ‘होरायझन’ नावाचं जहाज एका ग्रहाला भेट देऊन गेलं आणि पुढे नाहीसं झालं. त्याने साध्या रेडिओवरून पाठवलेला संदेश पोहोचायला शंभर वर्षं लागली. एन्टरप्राइज त्या ग्रहावर जातं तेव्हा काय दिसतं? होरायझनच्या लोकांनी मागे ठेवलेल्या, शिकागोच्या गुंडटोळ्यांवरच्या एका पुस्तकावरून तिथल्या अख्ख्या समाजाने आपली रीतभात बेतली आहे. जहाजाचा कॅप्टन कर्क आणि स्पॉक सूट-हॅट चढवून गुंडांच्या थाटात वावरतात. भाग हसता हसता पुरेवाट करतो. आता मला सांगा, यात तुमच्या कथेतलं काय येऊन गेलं? उशिरा पोहोचलेला संदेश, एवढंच. तिथे तो संदेश फक्त दार उघडतो आणि बाजूला होतो, पुढे त्याची आठवणही कुणी काढत नाही. तुमच्याकडे तो संदेशच मूळ दुखणं आहे. कुणीतरी जिवाच्या आकांताने हाक मारली आणि ऐंशी वर्षं कुणी आलं नाही. या दोन कथांचं एकमेकींशी काही नातं नाही.

खुद्द त्या मालिकेलाही पुनरावृत्तीचं वावडं नव्हतं. तीन सीझनमध्ये ७९ भाग झाले, ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९. त्यात कॅप्टन कर्कने तर्काच्या कोंडीत पकडून यंत्राला स्वतःचा नाश करायला लावल्याचे प्रसंग तुम्हीच मोजा. लँड्रू आहे, नोमॅड आहे, एम-५ आहे. गुंडांच्या ग्रहापाठोपाठ, त्याच १९६८ सालच्या फेब्रुवारीत नाझींची नक्कल करणारा ग्रह आला आणि मार्चमध्ये रोमन साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकलेला ग्रह. तीन महिन्यांत तीन वेळा ‘पृथ्वीसारखाच दुसरा ग्रह’! यामागे पैशाचं कारण उघड होतं. नव्या परग्रहाचा सेट उभारण्यापेक्षा स्टुडिओत आधीच असलेले कपडे आणि रस्ते वापरणं स्वस्त पडे. तरीही हे तिन्ही भाग एकमेकांसारखे वाटत नाहीत, कारण प्रत्येकात माणसं वेगळ्याच गोष्टीवरून अडचणीत येतात.

म्हणून कल्पना सुचली की ‘हे आधी झालंय का’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. त्याऐवजी विचारा: या भागात कुणाला निर्णय घ्यावा लागणार आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे? तुमच्या वहीतल्या ज्या कल्पना तुम्ही पत्रात लिहून पाठवल्यात, त्या मी याच प्रश्नाला लावून पाहिल्या. स्वप्नं खरी करणारं धुकं, उलटा वाहणारा काळ, माणसांना रंग दिसेनासे होणारा ग्रह. सगळी छान ठिकाणं आहेत. पण त्यांतल्या एकाही ठिकाणी कर्क, स्पॉक किंवा डॉक्टर मॅकॉय यांना काही ठरवावं लागत नाही. ते जातात, चकित होतात, अडकतात, सुटतात. कथा मध्यावर बसते ती म्हणून. चकित होणं एकदाच होतं, त्याच्या जोरावर पन्नास मिनिटं निघत नाहीत.

तुम्हाला तोंडपाठ असलेला एक भाग या नजरेने पुन्हा पाहा. मार्च १९६७, खाणकामगारांचा ग्रह. भुयारात काहीतरी आहे आणि ते माणसांना जाळून मारतं. हा भाग कसा सुचला, ते मजेशीर आहे. यानोश प्रोहास्का हे प्राण्यांचे पोशाख करून त्यात स्वतः काम करणारे कलाकार. त्यांनी निर्माते-लेखक जीन कून यांना आपला एक नवा पोशाख घालून दाखवला. जमिनीलगत सरपटणारा, खडकासारखा ढिगारा. कून यांनी त्यावरून पटकथा लिहिली. म्हणजे सुरुवात ‘अजब गोष्टी’पासूनच झाली, तुमच्यासारखीच. पण कून तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न बहुधा साधा असावा: हा प्राणी मारतोय, तर का मारतोय?

उत्तर पहिल्यापासून पडद्यावर आहे. खाणीच्या प्रमुखाच्या टेबलावर एक गोल दगड ठेवलेला असतो, सिलिकॉनचा गोळा. एका थरात असे हजारो गोळे सापडलेत, त्यांचा कुणाला काही उपयोग नाही. दिसायला सुबक, म्हणून एक टेबलावर. ती अंडी आहेत. कामगार दिवसभर अंडी फोडतायत आणि आई त्यांना मारतेय. भाग दुसऱ्यांदा पाहताना त्या टेबलावरून नजर हटत नाही.

याहून बारीक कारागिरी भुयारातल्या प्रसंगात आहे आणि तुम्हाला खरा धडा तिथे मिळेल. आधी स्पॉक म्हणत असतो, की हा आपल्या जातीतला शेवटचा जीव असू शकतो, शक्य असेल तर जिवंत पकडावा. कर्कचा हुकूम मात्र ठार मारण्याचा. मग दोघे वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि कर्क एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो. प्राणी हल्ला करत नाही. कर्क फेझर हे किरणांचं शस्त्र रोखून उभा, पण झाडत नाही. आणि कम्युनिकेटरवरून स्पॉक त्याला आता मारायला सांगतोय, लगेच! कारण आता धोक्यात आहे तो त्याचा मित्र. दोघांच्या भूमिका अदलाबदल झाल्या आणि तरी दोघेही पुरेपूर स्वतःच राहिले. त्या एका क्षणात स्पॉकबद्दल जे कळतं ते त्याच्या कानांवरून आणि तर्कावरून कधी कळलं नसतं.

आता तुमची कथा घेऊ. पान फाडलंत, पण कथा तुमच्या डोक्यात आहे, आणि पत्रातल्या पाच ओळींवरून मलाही ती सोडवेना.

वसाहत ऐंशी प्रकाशवर्षं दूर. हाक साध्या रेडिओने पाठवलेली, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तरीही ऐंशी वर्षं. एन्टरप्राइज प्रकाशाहून वेगाने जातं, ते काही दिवसांत पोहोचेल. तुमच्या आराखड्यात तिथे उजाड वस्ती आणि बिघडलेलं यंत्र आहे. ते काढून टाका. तिथे हसतंखेळतं गाव असू द्या. शेती पिकतेय, मुलं शाळेत जातायत. ‘आम्ही कधी मदत मागितलीच नव्हती,’ असं गावकरी प्रामाणिकपणे सांगतात. हो, नदीपलीकडे एक वस्ती होती. साथीत सगळी गेली. औषध नव्हतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. दरवर्षी त्यांची आठवण पाळली जाते.

जहाजावर मात्र संपर्क अधिकारी उहुरा त्या हाकेवरची खरखर साफ करत बसली आहे. तिला कामाला लावा, ‘संपर्क होत नाहीये, कॅप्टन’ एवढ्यावर तिची बोळवण करू नका. हळूहळू शब्द उकलतात. आवाज एका मुलीचा आहे, पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती सांगतेय, की औषध आहे. पण पलीकडे पाठवत नाहीत.

इथे पहिला अंक संपवा. मालिकेचा सांगाडा तुम्हाला ठाऊक आहे: सुरुवातीचा छोटा टीझर आणि मग चार अंक, प्रत्येकानंतर जाहिराती. प्रत्येक अंक संपताना आधीचा प्रश्न सुटलेला नसतो, त्याहून अवघड प्रश्न पुढ्यात पडलेला असतो.

मग ती मुलगी सापडते. आता नव्वदी ओलांडलेली आजी, गावात सगळ्यांची लाडकी. ती नदीच्या अलीकडची होती. ज्या औषधाने तिचा जीव वाचला त्यातलंच पलीकडे पाठवा, म्हणून तिने चोरून हाक मारली. आणि औषध का पाठवलं नाही? सगळ्यांना पुरण्याइतकं नव्हतंच. कुणाला द्यायचं ते एका माणसाने ठरवलं. तो वसाहतीचा डॉक्टर होता.

आता तिघांना एका खोलीत बसवा. ध्वनिमुद्रण गावाला ऐकवायचं का?

मॅकॉय हळवा, तो म्हणेल सत्य सांगा. स्पॉक थंड, तो म्हणेल आता कुणाचा जीव वाचणार नाही, सोडून द्या. असंच सुचलं ना? हे पहिल्या फटक्यात सुचणारं आहे, म्हणून उलटवून पाहा. स्पॉकला ऐकवायचं आहे. या गावाचे नियम एका खोट्या नोंदीवर उभे आहेत. उद्या पुन्हा साथ आली, तर ते पुन्हा तसंच करतील आणि पुन्हा विसरतील. चुकीच्या माहितीवरून योग्य निर्णय निघत नाही, हा त्याचा मुद्दा. मॅकॉयला ऐकवायचं नाही. तो गावाच्या भावनांचं कारण पुढे करेल, पण खरं कारण चौथ्या अंकात कर्क त्याच्याकडून काढून घेईल: मॅकॉयने तो औषधांचा हिशेब पाहिलाय आणि त्या डॉक्टरच्या जागी आपण काय केलं असतं, हे त्याला सांगता येत नाहीये. मेलेल्या माणसाला तो गुन्हेगार म्हणायला तयार नाही. आणि आजी? मला वाटतं तिलाही ते ऐकवायला नको असावं. तिची नातवंडं त्याच औषधावर जगलेल्यांची आहेत. पण हे तुम्ही ठरवा, आजी तुमची आहे.

कर्कपुढे एक सोपी पळवाट आहे: टेप पुसायची आणि निघायचं. ती कशी बंद करायची ते भौतिकशास्त्रच सांगतं. हाक थांबलेली नाही. ती दर वर्षी एक प्रकाशवर्ष पुढे सरकतेच आहे. एन्टरप्राइजने टेप पुसली, तरी वीस-तीस वर्षांनी आणखी पलीकडचं एखादं जहाज तीच हाक पकडेल आणि तेव्हा ती आजी नसेल. स्पॉकला हे दोन वाक्यांत सांगू द्या, तिसऱ्या अंकाच्या शेवटी. तुमच्या कथेत विज्ञान असं यावं. सुटका करायला येऊ नये, वाट बंद करायला यावं.

शेवट मी मुद्दाम सुचवत नाही. कर्क काहीही ठरवो, कुणाचं तरी काहीतरी जायला हवं आणि ते शेवटच्या दृश्यात दिसायला हवं, एवढं सांभाळा.

तुमच्या वहीतल्या ‘स्पॉक यंत्र दुरुस्त करतो’ या शेवटांचं दुखणंही यावरून लक्षात येईल. त्यात कुणाचं काही जात नाही. ट्रान्सपोर्टरचंच उदाहरण घ्या. दर आठवड्याला अख्खं जहाज ग्रहावर उतरवणं दाखवायचं तर खर्च फार, म्हणून माणसांना किरणांनी खाली पाठवायची युक्ती निघाली. पण त्या युक्तीने लेखकांना नवी डोकेदुखी झाली. माणसं संकटात सापडली की क्षणात वर ओढून घेता येतात, मग कथा कसली? म्हणून ट्रान्सपोर्टर पुन्हा पुन्हा बिघडतो. ऑक्टोबर १९६६ मधल्या एका भागात तो कर्कचे दोन कर्क करतो, एक मवाळ आणि एक हिंस्र. त्याच वेळी खाली जहाजाचं सुकाणू सांभाळणारा सुलू आणि सोबतचे लोक बर्फाळ ग्रहावर गारठून मरायला टेकलेत. तेव्हा मालिकेत शटलयान, म्हणजे जहाजातून ग्रहावर ने-आण करणारं छोटं यान, आलंच नव्हतं, त्याच्यावरचा स्वतंत्र भाग जानेवारी १९६७ मध्ये आला. म्हणजे साधन नव्हतं म्हणून पेच घट्ट झाला. तुम्हीही लिहायला बसताना आधी साधनं काढून घ्या. या भागात जहाजाचा संपर्क तुटलाय, किंवा शटल खराब आहे, किंवा ग्रहावर फेझर नेता येत नाही. एक अडचण पुरते. पाच घातल्या तर वाचणारा त्याच मोजत बसतो.

जागाही मोजक्या ठेवा. जहाजाचा ब्रिज, एखादी मार्गिका, ग्रहावरचं एकच ठिकाण आणि पाहुणी पात्रं फार तर तीन. कागदावर तुम्हाला खर्च नाही हे खरं, पण एका खोलीत अडकलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, आणि तुमच्या आराखड्यांत नेमकं बोलणं कमी आहे, पळापळ जास्त आहे.

नव्या अधिकारी बाईंबद्दल. आणा, खुशाल आणा. तुम्ही लिहिलंयत, की अशा पात्रांची थट्टा होते असं ऐकल्यापासून धीर होत नाही. ती थट्टा जुनी आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या चाहतीने एक छोटं विडंबन लिहिलं होतं. त्यातली मेरी स्यू ही साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट सगळ्यांहून हुशार, सगळ्यांची आवडती आणि शेवटी हळहळ लावून मरणारी. चाहत्यांच्या कथांतल्या एका खोडीवर तिने नेमकं बोट ठेवलं होतं, पण पुढे त्या थट्टेचा धाक इतका वाढला, की कितीतरी बायकांनी आपल्या मनातली नायिका कागदावर आणलीच नाही. हे मला मनापासून खटकतं. तुमची अधिकारी हुशार असू द्या. फक्त तिला एक चूक करू द्या आणि त्या चुकीचे परिणाम तिच्याच वाट्याला येऊ द्या.

नवं पात्र कसं आणावं याचा नमुना पाहायचा, तर डिसेंबर १९६६ चा तो दोन जहाजांच्या लपाछपीचा भाग काढा, ज्यात रोम्युलन हे परग्रहवासी शत्रू पहिल्यांदा दिसले. सुरुवात जहाजावरच्या लग्नाने होते. वधूवर आपण याआधी कधी पाहिलेले नाहीत. कर्क लग्न लावतोय आणि तेवढ्यात धोक्याचा इशारा होतो, लग्न अर्धवट राहतं. पुढे अख्खा भाग डावपेचांचा, दोन कप्तान एकमेकांना जोखतायत. एन्टरप्राइज जिंकतं. आपल्या बाजूने एकच माणूस दगावतो, तो नवरदेव. दोघांना मिळून पडद्यावर किती थोडा वेळ मिळाला आहे, पाहा. पण लढाईची किंमत त्यांनी मोजली, म्हणून ती दोघं लक्षात राहतात. तुमच्या अधिकारी बाईंना जहाज वाचवायला लावू नका. त्यांच्यामुळे कर्कचा निर्णय अवघड होऊ द्या.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण त्यात काळजी आहे आणि थोडं तथ्यही. या पात्रांचे हक्क स्टुडिओकडे आहेत. तुम्ही लिहिलेला भाग तुम्हाला विकता येणार नाही, स्वतःचं पुस्तक म्हणून छापता येणार नाही. १९८९ मध्ये, ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेच्या काळात, बाहेरच्यांनी लिहिलेल्या पटकथा वाचून घ्यायची सोय झाली होती आणि रोनाल्ड मूर या चाहत्याची पटकथा तशीच निवडली जाऊन तो पुढे तिथला लेखक झाला. पण अशा आशेवर लिहू नका. स्वतःसाठी आणि चार समानशील मित्रांसाठी, पैशाचा संबंध न ठेवता लिहा. आणखी एक गोष्ट मैत्रीण बरोबर सांगते: कर्क आणि स्पॉक तयार मिळतात, त्यामुळे अनोळखी माणसाची वाचणाऱ्याशी ओळख करून देण्याचा सराव तुम्हाला होत नाही. तो सराव हवा असेल, तर तो पाहुण्या पात्रांवर करा. ती आजी तुम्हाला शून्यातूनच उभी करायची आहे.

पण ‘उसनी पात्रं म्हणजे लेखन नव्हे’ हे मला मान्य नाही. मालिका जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केली, आणि तरी आज आपण ज्याला स्पॉक म्हणतो त्यातलं कितीतरी इतरांनी दिलेलं आहे. त्याचा ग्रह आपण पहिल्यांदा पाहतो तो थिओडोर स्टर्जन यांनी लिहिलेल्या सप्टेंबर १९६७ च्या भागात. त्याचे आईवडील समोर येतात ते दोनच महिन्यांनी, डी. सी. फॉन्टाना यांच्या भागात. बापलेकांचा अबोला आणि दोघांच्या मधे उभी असलेली आई. बोटांत फट ठेवून केलेलं ते प्रसिद्ध अभिवादन लिओनार्ड निमॉय यांनी स्वतः सुचवलं. भराभर वाढणाऱ्या केसाळ गोळ्यांचा, ट्रिबलांचा, भाग लिहिणारा डेव्हिड गेरोल्ड विशीतला होता, त्याची विकली गेलेली ती पहिलीच पटकथा. ही सगळी माणसं दुसऱ्याच्या पात्रांवर काम करत होती आणि त्यांनी ती पात्रं मोठी केली. तुमच्यात आणि त्यांच्यात पगाराचा फरक आहे, तो मोठाही आहे, पण लिहिण्याची जात तीच.

शिवाय मैत्रिणीचा सल्ला मानून वही बंद केलीत आणि स्वतःची पात्रं घेऊन बसलात, तरी तिथेही मध्यावरच अडाल. अडचण पात्रांची नाही, पेच न सापडण्याची आहे, आणि ती तुमच्यासोबत येईल. म्हणून माझं मत असं, की आधी याच वहीतला एक भाग पुरा करा. ऐंशी वर्षांच्या हाकेचाच करा. पूर्ण झाल्यावर नावं बदलून पाहा: जहाज दुसरं, कप्तान दुसरा, डॉक्टर दुसरी बाई. कथा उभी राहिली, तर तुमच्या हातात तुमची स्वतःची विज्ञानकथा आली. कोसळली, तर ती मुळातच या तिघांची होती, आणि तशीच राहिली तरी काही बिघडत नाही.

लिहायला बसाल तेव्हा टीझरपासून सुरू करू नका. तुमचे टीझर उत्तम असतात, त्यांना मदतीची गरज नाही. आधी चौथ्या अंकातला तो तिघांचा वाद लिहा, अगदी संवादांसकट. कुणालाही पटकन हरू देऊ नका. तो वाद दोन-तीन पानं चालला, तर भाग तुमच्या हाती आला असं समजा, कारण मग पहिले तीन अंक कशासाठी आहेत ते आपोआप कळेल: मॅकॉयच्या हाती तो औषधांचा हिशेब कधी यावा, आजी पहिल्यांदा कधी दिसावी, उहुराने शेवटचा शब्द कधी उकलावा. वाद अर्ध्या पानातच संपला, तर पेच अजून सैल आहे. मग पुढे लिहीत जाण्यात अर्थ नाही. कुणाची बाजू कमकुवत पडतेय ते शोधा आणि त्या बाजूला आणखी एक खरं कारण द्या.

स्टारडेट म्हणजे मालिकेतली तारीख, जहाजाचा वेग, कोण कुठल्या खुर्चीवर बसतं, असल्या तपशिलांत तुमचा बराच वेळ जातो असं वहीच्या फोटोंवरून दिसतं. मूळ मालिकेच्या लेखकांना दिलेल्या मार्गदर्शिकेतच स्टारडेटसाठी कुठलेही चार आकडे आणि दशांश घ्या, फक्त एका भागात तो पुढे पुढे जाऊ द्या, असं सांगितलेलं होतं. तुम्हीही तेवढंच करा.

मसुदा झाला की तो मालिका न पाहिलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. पाहिलेल्यांना देऊ नका, ते तुमच्या ओळींत नसलेला स्पॉकही आठवणीतून भरून घेतील. देण्याआधी त्या वादातल्या संवादांपुढची नावं झाकून टाका आणि विचारा, इथे माणसं किती आहेत आणि कुठली ओळ कुणाची असेल? वाचणाऱ्याला तिघं वेगळे ओळखू आले, तर दुसरा मसुदा करायला घ्या. दोघंच ओळखू आले, तर बहुधा मॅकॉय आणि कर्क एकमेकांत मिसळलेले असतील, कारण रागावल्यावर दोघेही सारखेच बोलायला लागतात. अशा वेळी कर्कच्या ओळी कमी करा. त्याला ऐकू द्या, मधून एखादा प्रश्न विचारू द्या, आणि स्वतःचं मत त्याने निर्णय देतानाच पहिल्यांदा बोलून दाखवू द्या.